हंगामाचा पैसा वर्षभर पुरवताना : कोकणातील तरुण कुटुंबांसाठी आर्थिक नियोजनाचे मार्गदर्शन

आर्थिक नियोजनावरचे बहुतेक लेख दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. आंबा-काजूचे पैसे एप्रिल ते जूनमध्ये हातात पडतात, पर्यटकांचे दिवाळीपासून मेअखेरीपर्यंत, आणि मासळीचे पैसे दर्या खुला असेल तेव्हाच. खर्च मात्र बाराही महिने चालूच राहतो. आमच्या घरी आंब्याची बाग, थोडे काजू आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, आणि घरातला एकजण बोटीवर जातो. या सगळ्याचा मेळ बसवताना जे समजत गेले, ते नुकतीच घराची जबाबदारी अंगावर आलेल्या तरुण मंडळींसाठी येथे क्रमाने मांडत आहोत.

मे महिन्यात तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी, कोकम आणि लाकूडफाटा घरात भरून पावसाळ्याची बेगमी करण्याची सवय आपल्या घराघरांत आहे. पैशाचीही अशीच बेगमी करायची, एवढेच या लेखाचे सूत्र आहे.

सुरुवातीला जमवायची कागदपत्रे

पुढच्या प्रत्येक पायरीवर यांपैकी काही ना काही लागते, म्हणून ती आधीच एका ठिकाणी आणावीत.

- सर्वांची आधार आणि पॅन कार्डे, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले
- सातबारा आणि ८ अ (डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो आणि तो बँकेत चालतो)
- घरातील प्रत्येक बँक, पोस्ट आणि पतसंस्था खात्याचे पासबुक, ठेवींच्या पावत्या
- आंब्याच्या पट्ट्या (दलालाने दिलेले विक्रीचे हिशेब) आणि काजू विक्रीच्या पावत्या, शक्य तर मागील तीन वर्षांच्या
- नौका असल्यास तिची नोंदणी आणि मासेमारी परवाना, खलाशी असल्यास मच्छीमार सोसायटीचे सभासदत्व
- विमा पॉलिसी, कर्जमंजुरीची पत्रे, घरपट्टीची पावती

कागद प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालून घरातल्या सर्वांत उंच कपाटात ठेवावेत आणि त्यांच्या प्रती डिजीलॉकरमध्ये किंवा फोनमध्ये ठेवाव्यात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा कपड्यांबरोबर कागदही भिजले, आणि नुकसानभरपाईच्या अर्जासाठी नेमके तेच कागद मागितले जात होते.

१. वर्ष जूनपासून मोजा

सरकारी आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होते, पण त्या वेळी आपला आंबा झाडावर असतो, म्हणून त्या वर्षाने घरचा हिशेब लागत नाही. एक वही घ्या आणि तिच्यात जून ते मे असे बारा महिन्यांचे रकाने आखा. प्रत्येक महिन्याखाली दोन ओळी असू द्या, एक येणाऱ्या पैशाची आणि एक मोठ्या खर्चाची.

ही वही भरायला बसलात की एक गोष्ट लगेच दिसेल. जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी आणि वह्या-पुस्तके असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे बोटीवर जाणाऱ्यांच्या घरात एक पैसा येत नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बागेत कल्टार (आंब्याला मोहोर यावा म्हणून द्यायचे औषध) घालायचे असते. भाद्रपदात गणपती येतात, मुंबईहून माणसे येतात आणि वर्षातला सर्वांत मोठा घरगुती खर्च होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बागेची साफसफाई, त्यानंतर मोहोर येताच तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी एकामागून एक फवारण्या, मग वानरांपासून राखण आणि गुरख्याचा पगार. शिमगा आणि गावची जत्रा असतेच. घराची डागडुजी मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर करावी लागते. म्हणजे बागेचा पैसा तीन महिन्यांत येतो आणि मोठे खर्च बहुतेक उरलेल्या नऊ महिन्यांत पसरलेले असतात. कर्जाचे मूळ अनेक घरांत उधळपट्टीत नसून याच विसंगतीत असते, आणि हे कागदावर दिसल्याशिवाय घरातल्या थोरांनाही पटत नाही.

२. हातात येणारे खरे उत्पन्न काढा

गावात बोलताना आपण पेट्यांची संख्या आणि भाव सांगतो. नियोजनाला त्याचा उपयोग नाही. दलालाकडून आलेली पट्टी समोर ठेवा आणि ती वरपासून खालपर्यंत वाचा : पेट्या किती, त्यांतला कोणता माल कोणत्या भावाने गेला, वाहतूक आणि हमाली किती, इतर कोणती कपात झाली आणि शेवटी हंगामाआधी घेतलेली उचल किती वळती केली. सर्वांत खालच्या ओळीतला आकडा वहीत लिहायचा. त्यातूनही लाकडी खोकी किंवा पुठ्ठ्याचे बॉक्स, पेंढा, काढणीची मजुरी यांचा जो खर्च घरातून झाला असेल तो वजा करायचा.

हापूसला एक वर्षाआड फळ धरण्याची खोड आहे, हे बागायतदाराला सांगायला नको. त्यामुळे एका चांगल्या वर्षाच्या आकड्यावर घर चालवायचे ठरवू नये. तीन वर्षांच्या पट्ट्या काढून त्यांतले सर्वांत कमी उत्पन्न आणि सरासरी, असे दोन आकडे लिहावेत. घरखर्च कमी आकड्यात बसवावा आणि सरासरीच्या वर आलेला पैसा बचतीकडे वळवावा. बोटीवर वाट्याने काम करणाऱ्यांनीही तांडेलाकडून किंवा मालकाकडून मिळालेल्या रकमा तारखेसह लिहिण्याची सवय लावून घ्यावी, कारण बँकेत कर्ज मागायला गेल्यावर उत्पन्नाचा दुसरा पुरावा त्यांच्याजवळ सहसा नसतो.

कराबाबत एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. स्वतःच्या बागेतल्या आंब्या-काजूचे उत्पन्न शेतीचे असल्याने त्यावर आयकर नाही. मात्र पाहुण्यांच्या खोल्यांचे भाडे आणि मासेमारीचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने शेतीत धरले जात नाही, आणि दुसऱ्याच्या बागेतले उभे पीक केवळ विकत घेऊन विकणाऱ्याचा नफाही धरला जात नाही. कर भरावा लागत नसला तरी विवरणपत्र दरवर्षी भरावे. पुढे खोल्या वाढवायला किंवा गाडी घ्यायला कर्ज मागाल तेव्हा तीन वर्षांची विवरणपत्रे उपयोगी पडतात.

३. स्वतःला दरमहा पगार द्या

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून ती आकड्यांसह पाहू. समजा, एका घरात आंब्याचे २,४०,००० आणि काजूचे ६०,००० रुपये जूनच्या आत जमा झाले. खोल्यांचे १,२०,००० रुपये नोव्हेंबर ते मे या काळात थोडेथोडे येतात. घरखर्च महिन्याला १८,००० रुपये आहे. वर्षातले मोठे खर्च असे : शाळा २५,०००, गणपती ३०,०००, बागेची खते, कल्टार, फवारण्या आणि राखण ७०,०००, घराची डागडुजी १५,०००, विम्याचे हप्ते १४,०००. एकूण १,५४,०००.

जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांचा घरखर्च ९०,००० रुपये होतो आणि तो आंब्याच्या पैशातूनच चालवावा लागतो. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांचा १,२६,००० रुपये होतो. त्यातले १,२०,००० खोल्यांतून निघतात आणि ६,००० कमी पडतात. म्हणजे जूनमध्ये हातात असलेल्या ३,००,००० रुपयांतून ९०,०००, १,५४,००० आणि ६,००० बाजूला काढले की उरतात ५०,०००. जूनमध्ये तीन लाख शिल्लक दाखवणाऱ्या पासबुकात तुमचे स्वतःचे म्हणता येतील असे पैसे एवढेच असतात. नवी मोटारसायकल किंवा मोठा टीव्ही घेण्याचा निर्णय या पन्नास हजारांकडे पाहून घ्यायचा असतो, तीन लाखांकडे पाहून नव्हे.

आता हे प्रत्यक्षात कसे करायचे ते पाहा. दोन बचत खाती ठेवा. पट्टीचे पैसे, काजूचे पैसे आणि खोल्यांचे भाडे पहिल्या खात्यात येईल. दुसरे खाते घरखर्चाचे, आणि डेबिट कार्ड व यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेले असेल. बँकेत अर्ज देऊन दर महिन्याच्या एक तारखेला पहिल्या खात्यातून दुसऱ्यात १८,००० रुपये आपोआप वर्ग होण्याची सूचना द्यावी. मोठ्या खर्चांच्या रकमा वेगवेगळ्या मुदत ठेवींत अशा ठेवाव्यात की प्रत्येक ठेव त्या खर्चाच्या पंधरा दिवस आधी परिपक्व होईल : गणपतीची ठेव श्रावणात, फवारणीची ऑक्टोबरअखेर, घराच्या डागडुजीची एप्रिलमध्ये. व्याज थोडेच मिळते, पण ठेवीच्या पावतीवर घरातल्या माणसाने पेनाने ‘फवारणी’ किंवा ‘गणपती’ असे लिहून ठेवले की ती मोडताना हात अडखळतो, आणि ते व्याजापेक्षा मोलाचे आहे.

एक सापळा सांगितलाच पाहिजे. जून-जुलैमध्ये खात्यात मोठी रक्कम दिसली की बँकेतले कोणी किंवा ओळखीचा विमा प्रतिनिधी एखादी दीर्घ मुदतीची बचत-विमा योजना घेऊन येतो. पहिला हप्ता सहज भरला जातो, आणि पुढच्या वर्षी बाग कमी लागली की दुसरा हप्ता थकतो आणि पैसे अडकतात. अशी पॉलिसी घेतली गेलीच असेल, तर ती हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करण्याचा हक्क तुम्हाला आहे. थोडी वजावट होऊन बाकीची रक्कम परत मिळते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

४. संकटनिधी : पगारदारापेक्षा मोठा

नोकरदाराला तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला ठेवायला सांगतात. आपल्याकडे एक हंगाम बुडाला की पुढचे पैसे यायला वर्ष लागते, म्हणून आमच्या मते उद्दिष्ट वर्षभराच्या अत्यावश्यक खर्चाचे असावे. ते एका वर्षात गाठता येत नाही. चांगल्या तीन-चार हंगामांत थोडेथोडे साठवावे लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीची उभी झाडे आडवी केली. तिथल्या बागायतदारांचे नुकसान एका हंगामाचे नव्हते, कारण नवे झाड फळाला यायला वर्षे लागतात. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ झाडावरच्या आंब्यावर आले.

त्या दिवसांत अनेक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही कित्येक दिवस बंद होते. एटीएम चालत नव्हते आणि यूपीआयही. म्हणून दहा-पंधरा हजार रुपये पावसाळाभर घरात रोख ठेवावेत. उरलेला निधी राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात, केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत असावा.

५. विमा : काय घ्यावे, कोणत्या महिन्यात घ्यावे

विम्याचा हप्ता ज्या महिन्यात सुरू होतो त्याच महिन्यात दरवर्षी येतो. कर वाचवण्याच्या घाईत मार्चमध्ये घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता दर मार्चला येणार, आणि मार्चमध्ये बागायतदाराचा खिसा रिकामा असतो. म्हणून नवा विमा मे-जूनमध्येच सुरू करावा.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयाच्या खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे जीवनसंरक्षण मिळते. सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असे आहे आणि हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप वळता होतो. त्या दिवशी शिल्लक नसेल तर संरक्षण बंद पडते, आणि ते पुष्कळदा दावा करायला गेल्यावरच कळते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाच्या खात्यात पाचशे रुपये आहेत ना, एवढे पाहावे. कमावत्या माणसावर लहान मुले अवलंबून असतील तर दोन लाख पुरे पडत नाहीत. त्याच्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाच्या दहापट तरी रकमेचा साधा मुदत विमा वेगळा घ्यावा, ज्यात मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही आणि म्हणूनच हप्ता कमी असतो.

आजारपणासाठी आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण ते अंगीकृत रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांसाठीच. आयुष्मान कार्ड आजच काढून ठेवावे, रुग्णाला गाडीत घातल्यावर नव्हे. आपल्याकडून गंभीर रुग्ण मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याला न्यावा लागतो. प्रवास, नातेवाइकांचे राहणे आणि बुडालेली मजुरी कोणतीही योजना देत नाही. तो खर्च संकटनिधीतूनच करावा लागतो.

फळपीक विमा हवामानावर आधारित आहे, हे नीट समजून घ्यावे. तुमच्या बागेत किती नुकसान झाले ते पाहून भरपाई ठरत नाही. तुमच्या महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान यांच्या ज्या नोंदी होतात, त्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्या तरच भरपाई मिळते. कोकणातील आंबा-काजूसाठी अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर असते. अर्ज करताना मंडळाचे नाव, क्षेत्र आणि खातेक्रमांक स्वतः वाचून पाहावा, कारण केंद्रावर भरून देणाऱ्याच्या एका चुकीने दावा फेटाळला जातो.

घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात वादळ, पूर आणि दरड यांपासून संरक्षण आहे. विमा जमिनीच्या किमतीचा नसतो, घर पुन्हा बांधायला जो खर्च येईल त्याचा असतो. खोल्या पाहुण्यांना देत असाल तर ते प्रस्तावात स्पष्ट लिहावे. मच्छीमारांसाठी केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत अपघाती मृत्यूसाठी ५ लाखांचे गट विमा संरक्षण आहे. आपले नाव यादीत आहे का, हे सोसायटीत विचारावे.

६. कर्ज आणि उचल

कर्ज घ्यावेच लागले तर स्वस्त ते आधी, हा क्रम सोडू नये. विकास सोसायटी किंवा बँकेचे पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या व्याजसवलती मिळून व्याज शून्यावर येते. यातली ‘वेळेत’ ही अट सगळ्यात महत्त्वाची. परतफेडीची अंतिम तारीख सचिवाकडून लिहून घ्यावी आणि वहीत त्या महिन्याच्या रकान्यात लाल शाईने लिहावी. अनेक जण तारखेच्या आदल्या दिवशी कुणाकडून तरी व्याजाने पैसे घेऊन नवं-जुनं करतात, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलतात. असे दरवर्षी होत असेल तर ते कर्ज फिटत नाही, फक्त पुढे सरकते, आणि मध्ये घेतलेल्या हातउसन्या पैशाचे व्याज सवलत खाऊन टाकते.

दलालाकडून हंगामाआधी घेतलेली उचल वरवर बिनव्याजी दिसते. तिची किंमत अशी की माल त्याच्याचकडे पाठवावा लागतो, भाव विचारण्याची सोय राहत नाही आणि थेट ग्राहकाला विकण्याची संधी जाते. उचल घेऊच नये असे आम्ही म्हणणार नाही, कारण काही दलालांनी पिढ्यान्‌पिढ्या बागायतदारांना अडचणीत सांभाळले आहे. पण रक्कम, तारीख आणि वळती करण्याची पद्धत दोन्ही बाजूंच्या सहीने कागदावर असावी. हेच बोटमालक आणि खलाशी यांच्यातल्या आगाऊ रकमेलाही लागू आहे.

मोटार किंवा गृहकर्जाचा हप्ता दरमहा ठरवण्याआधी जुलै आणि ऑगस्टचा हप्ता कुठून भरणार, याचे उत्तर वहीत दिसले पाहिजे. शेतीसाठीच्या मुदत कर्जात सहामाही किंवा वार्षिक हप्ते बांधून मिळतात. ते मागून घ्यावेत, कोणी आपण होऊन देत नाही. फोनवरच्या झटपट कर्ज देणाऱ्या ॲपना हात लावू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

७. ठेव कोठे ठेवावी

बँक, मग ती सहकारी असली तरी, बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या बाजारपेठेत शेजारीशेजारी असतात आणि संचालक ओळखीचे असतात, त्यामुळे हा फरक विसरला जातो. पतसंस्थेचे खाते रोजच्या सोयीसाठी जरूर ठेवावे, पण घराची आयुष्यभराची पुंजी एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथे ठेवू नये.

महिलांचा बचत गट ही अतिशय चांगली व्यवस्था आहे, कारण हिशेब दर बैठकीत सर्वांसमोर होतो. भिशीत मात्र सारे काही चालवणाऱ्याच्या सचोटीवर असते. महिन्याला ठरावीक मोठा परतावा, दाम दुप्पट किंवा माणसे जोडल्यावर बक्षीस, असे कोणीही सांगितले तर तो गावचाच असला, नात्यातला असला तरी नाही म्हणावे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे का हे तपासता येते आणि तक्रारही करता येते.

८. लांबची गुंतवणूक

दरमहा ठरावीक रक्कम मागणारी योजना हंगामी घराला झेपत नाही. म्हणून आमची पहिली पसंती पीपीएफला (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीला) आहे : वर्षाला किमान ५०० आणि कमाल १,५०,००० रुपये, केव्हाही, जमतील तसे. व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळते, त्यामुळे पैसे पाच तारखेपर्यंत भरावेत. दहा वर्षांखालील मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खाते २५० रुपयांपासून उघडता येते. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला सहभागी होता येते आणि वर्गणी सहामाही भरण्याची सोय आहे. अठराव्या वर्षी सुरू केल्यास साठीनंतरच्या ५,००० रुपये पेन्शनसाठी महिन्याला २१० रुपये पडतात.

पुणे-मुंबईत नोकरीला लागलेल्या घरच्या मुलाने किंवा मुलीने म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक जरूर सुरू करावी, पण सात-आठ वर्षे न लागणाऱ्या पैशातूनच. शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शन्सच्या नादाला मात्र लागू नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला.

आणखी एक गोष्ट आम्हाला कळकळीने सांगायची आहे. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांकडून लाखो रुपये घेतले जातात, आणि ते पैसे बहुधा आईचे दागिने गहाण ठेवून आलेले असतात. खलाशी भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो आणि नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्याची तिला मुभा नाही. परवान्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

९. वारसनोंद, नामनिर्देशन आणि सामायिक सातबारा

कोकणात एकाच सातबाऱ्यावर आजोबा, चुलते, आत्या आणि त्यांची मुंबईतली मुले अशी लांबलचक नावे असतात, आणि त्यांतली काही माणसे हयातही नसतात. अशा सातबाऱ्यावर पीककर्ज, फळपीक विमा किंवा नुकसानभरपाई मागायला गेले की इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र मागतात, आणि एका सहीसाठी सारे काम अडते. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि सर्वांची आधार कार्डे जोडून तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज करावा. वारसनोंद म्हणजे वाटप नव्हे, त्यामुळे तिला कोणी हरकत घेण्याचे कारण नसते, हे भावकीत शांतपणे समजावून सांगावे.

बँक खात्यांवर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, त्या पैशांची मालकी मात्र कायदेशीर वारसांचीच राहते. म्हणून मालमत्ता कोणाला द्यायची याबाबत मनात स्पष्टता असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

संमतीपत्रांसाठी योग्य वेळ गणपतीची. सर्व हिस्सेदार त्या पाच-सात दिवसांत गावी असतात. सुट्टीच्या दिवसांत कार्यालये बंद असल्याने मजकूर आधीच, श्रावणात, तलाठ्याला किंवा सोसायटीच्या सचिवाला दाखवून घ्यावा. गट क्रमांक, क्षेत्र आणि संमती कशासाठी आहे हे त्यात स्पष्ट असावे, म्हणजे हक्क सोडल्याचा कागद आहे की काय, अशी शंका कोणाला राहत नाही. प्रत्येकाकडून आधार कार्डाची स्वाक्षरी केलेली प्रत त्याच वेळी घ्यावी आणि संमतीपत्राची एक प्रत ज्याने सही केली त्याच्या हातात द्यावी. परगावच्या ज्या हिस्सेदाराला येणे जमणार नाही, त्याला मजकूर गणपतीच्या महिनाभर आधी टपालाने पाठवावा, म्हणजे तो त्याच्या शहरातील नोटरीसमोर सही करून कुणाबरोबर तरी पाठवू शकेल, आणि नोव्हेंबरमध्ये विम्याची मुदत येईल तेव्हा कागद पूर्ण असतील.